अवघा महाराष्ट्र, इयत्ता पहिली

जून २०१९ मध्ये महाराष्ट्राच्या विधानसभेत दुसरीचा गणिताचा तास भरला. कामकाजपत्रिकेत तो नव्हता, पण रंगला भरपूर. बालभारतीच्या नव्या पुस्तकात एकवीस, बावीस, तेवीस यांच्या जोडीला ‘वीस एक, वीस दोन, वीस तीन’ असंही वाचायला सुचवलं होतं. तेव्हा विरोधी बाकांवर असलेल्या अजित पवारांनी शंका काढली, की मग मुख्यमंत्री फडणवीसांना ‘फडण दोन शून्य’ म्हणायचं का? झालं. ज्यांनी शाळा सोडल्यावर वहीला हात लावला नव्हता, असे लोक वाहिन्यांवर बसून त्रेसष्ट की साठ तीन, यावर घसा कोरडा करू लागले. दुसरीतली मुलं तोवर पुस्तकाला खाकी कव्हर घालून मोकळी झाली होती.

बारावीच्या गणितात काहीही बदललं, तरी पानटपरीवर त्याची चर्चा होत नाही. अवकलन-संकलनाची प्रकरणं काढली काय, घातली काय, गावाला पत्ता लागत नाही. पहिली-दुसरीचं तसं नाही. ही परीक्षा सगळेच पास झालेले असतात, त्यामुळे या इयत्तांचे विषयतज्ज्ञ राज्यात घरटी चार निघतात. त्यातले दोन तर आजी-आजोबाच असतात.

वीस तीनची बाजू मांडायला मंगला नारळीकर पुढे आल्या. बालभारतीच्या गणित विषयाच्या समितीच्या त्या अध्यक्ष होत्या. गणित सोपं करून सांगायचं, यासाठी त्यांनी आयुष्यभर लिहिलं. ‘गणितगप्पा’ हे त्यांचंच पुस्तक. त्यांचं म्हणणं साधं होतं. मराठीत संख्येचं नाव उलट्या दिशेने चालतं. कानावर आधी ‘ते’ पडतं, मग ‘वीस’, आणि लिहायचं मात्र आधी दोन आणि मग तीन. शिवाय जोडाक्षरांचा जाच. कानडी, तेलुगू, तमिळ मुलं वीसनंतर एकच म्हणतात आणि सुखाने मोठी होतात. जुनी नावं काढलेली नव्हती, दोन्ही शेजारी शेजारी ठेवली होती. एवढं ऐकून घ्यायला मात्र कुणाला सवड नव्हती, कारण तोपर्यंत मराठी भाषा धोक्यात आली होती.

ज्यांना हा वाद फुकटचा वाटला, त्यांनी दुसरीच्या वर्गात मागच्या भिंतीला टेकून अर्धा तास बसावं. बाई म्हणतात, “लिहा, तेवीस.” निम्म्या पाट्यांवर ३२ उमटतात. “आता लिहा, एकोणतीस.” एक मुलगी ‘तीस’ ऐकून आधी तीन काढते, मग थांबते. ‘एकोण’मध्ये एक आहे असं वाटून ३१ करते, शेजारणीच्या पाटीवर नजर टाकते आणि बोटाला थुंकी लावून तो एक पुसून तिथे नऊ काढते. शेजारणीचंही ३९ च असतं, त्यामुळे दोघींची खात्री पटते. यात मुलींचा दोष काढायला जागा नाही. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस असं करत ही एकोणांची रांग एकोणनव्वदपर्यंत शिस्तीत येते. आता ‘एकोणशंभर’ येणार म्हणून मूल तयारीत असतं, तर समोर उभं राहतं नव्व्याण्णव! भाषेने नियम शिकवायचा आणि शेवटच्या पायरीवर पाय ओढायचा, ही थट्टा मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या सहन करतो आणि वर तिचा अभिमानही बाळगतो.

इंग्रजी माध्यमाच्या घरांत हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सुटलेला आहे. आजी नातवाला घेऊन मंडईत जाते. भाजीवाली सांगते, “पस्तीसला पाव किलो.” नातू आजीकडे वर बघून विचारतो, “म्हणजे थर्टी फाइव्ह ना?” आजी जाहीरपणे हळहळते. वीस एकच्या वेळी सगळ्यांत जोरात हळहळलेल्या घरांपैकी किती घरांत तीस पाचही उरलेलं नाही, फक्त थर्टी फाइव्ह आहे, याची मोजदाद कुणी केलेली नाही.

आजोबांचं दुखणं याहून जुनं. “तुमच्या पोरांना काय येतं? आम्हाला औटकी पाठ होती!” ही औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. तिच्याआधी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी अशी अपूर्णांकांची सगळी पलटण असे. ती पोरांना छळण्यासाठी तयार झालेली नव्हती. रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे होते, तोवर सव्वापाच आण्यांची वस्तू दीड डझन घेतली तर किती, हे दुकानात उभ्या उभ्या सांगावं लागे. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, पाठोपाठ शेर-मण जाऊन किलो आले आणि औटकीची नोकरी गेली. आजोबांना ती आजही येते. घरातल्या कुणालाही उत्तर तपासता येत नसल्याने ते चुकण्याची शक्यताच नाही.

आता पहिलीत पाढ्यांआधी काड्या येतात. कुल्फीच्या नाहीतर आगपेटीच्या काड्या, चिंचोके, मणी, जे मिळेल ते. दहा काड्या झाल्या की रबरबँड लावायचा, तो झाला दशकाचा गठ्ठा. उरलेल्या सुट्ट्या. दोन गठ्ठे आणि तीन सुट्ट्या म्हणजे तेवीस. शंभर मण्यांची माळ भिंतीला टांगलेली असते, तिच्यावर हात फिरवत पुढे-मागे मोजायचं. साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या जिल्हा परिषद शाळांनी अशा पद्धतीचा इतका गाजावाजा केला, की राज्यभरातून शिक्षक बसगाड्या करून बघायला गेले. परत येऊन त्यांनी आपापल्या वर्गांच्या फरशा रंगवल्या. पहिलीचं मूल तेव्हापासून फळ्यावर कमी आणि फरशीवर जास्त शिकतं. मुळाक्षरांवर बसतं, अंकांवर उड्या मारतं, आणि बाईंचं लक्ष नसेल तेव्हा सातवर झोपतं.

व्यवहारज्ञानासाठी खोट्या नोटा असतात. वर्गातच दुकान मांडतात: साबण दहा रुपये, पेन्सिल पाच. “तू दुकानदाराला वीसची नोट दिलीस. तो किती परत देईल?” हे पहिलीचं पेटंट उदाहरण. पण ज्या मुलाने आईला कायम फोन समोर धरूनच खरेदी करताना पाहिलंय, त्याला परत देण्याची भानगडच माहीत नसते. ते दुकानदाराच्या खोक्याकडे मोबाइल धरल्याचा अभिनय करतं आणि तोंडाने पैसे आल्याची घोषणाही देतं. बाईंना वजाबाकी शिकवायची असते आणि गिऱ्हाईक वजाबाकी न करताच साबण घेऊन गेलेलं असतं.

भाषेच्या तासाला घरच्या तज्ज्ञांचा दुसरा हल्ला होतो. “अ-आ-इ-ई म्हणून दाखव,” असं आजी म्हणते आणि नात गप्प. कारण तिला अ-आ-इ-ई शिकवलेलंच नसतं. आता आधी ओळखीचे शब्द, त्यातून वळणाला सोपी अक्षरं, मग त्यांना काना, असं जातात. काही आठवड्यांत मूल छोटे छोटे शब्द वाचू लागतं. पण ते आजीला पटत नाही. तिच्या मते शिकणं म्हणजे अननसापासून सुरू करून ज्ञानेश्वरांपाशी थांबणं.

त्या जुन्या तक्त्याचा घरांवर अजून फार जीव आहे. स्टेशनरीच्या दुकानात तो दहा-वीस रुपयांना मिळतो, प्लॅस्टिकचं आवरण घातलेला. त्यात ई ईडलिंबाची असते. हे फळ खाल्लेला माणूस शोधून सापडायचा नाही, ते फक्त तक्त्यावर पिकतं. उ उखळाचा, ऐ ऐरणीचा, औ औताचा. चौदाव्या मजल्यावर राहणाऱ्या मुलाला उखळ, ऐरण आणि औत ही तिन्ही डायनासोरइतकीच प्रत्यक्षातली. डायनासोर निदान रबराचा तरी घरात असतो. आणि बिचारा ण! त्याच्यापासून शब्दच सुरू होत नाही, म्हणून तो जन्मभर बाणाच्या शेपटीला.

सरकारनेही या तक्त्यात लक्ष घातलं. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने मराठी अक्षरांची वळणं ठरवून दिली. ल कसा काढायचा, श कसा, हे आकृत्यांसकट. वर्णमालेत ॲ आणि ऑ यांना स्वरांच्या पंगतीत पानं मांडली. ज्या घरात ॲम्ब्युलन्स, बॅट आणि डॉक्टर हे शब्द रोजचे आहेत, तिथे हे दोन पाहुणे कधीच जेवायला बसले होते. फक्त निमंत्रण उशिरा गेलं. तरी आजोबांनी नातीच्या वहीतला ल पाहिला आणि विचारलं, “हा कुठल्या भाषेतला?”

२०२४ मध्ये पाळी आली पहिलीच्या कवितेची. ‘जंगलात ठरली मैफल’ या पाठ्यपुस्तकातल्या कवितेत ‘शोर’ आणि ‘वन्समोअर’ हे शब्द सापडले. यमकासाठी मराठीला परभाषेच्या दारात उभं केलं, म्हणून गहजब झाला. निषेधाचे संदेश फिरले, त्यांतल्या अनेकांची सुरुवात ‘फॉरवर्ड करा’ने होती. मैफलीत नाट्यपद रंगलं की ‘वन्समोअर’ ओरडण्यात मराठी प्रेक्षकाच्या तीन-चार पिढ्यांचा घसा गेलेला आहे, ही गोष्ट या गडबडीत कुणी काढली नाही. वर्गातल्या मुलांना त्या कवितेतलं जे आवडायचं ते आवडलं: प्राण्यांची नक्कल करायची परवानगी. बाईंच्या देखत अधिकृतपणे ओरडायला मिळण्याचे प्रसंग अभ्यासक्रमात थोडेच.

शासन निर्णयांचा पहिली-चौथीवर विशेष लोभ आहे. डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी लहान मुलांची झोप होत नसल्याबद्दल काळजी व्यक्त केली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये निर्णय निघाला, की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. मुलांना आनंद झाला. दोन पाळ्यांत चालणाऱ्या शाळा, व्हॅनवाले काका आणि नऊच्या लोकलला लटकणारे आईबाप यांची मात्र झोप उडाली. त्याच वर्षी मार्चमध्ये ‘आनंददायी शनिवार’ आला. आनंद कोणत्या वारी होईल, हे आता लेखी आहे. उरलेल्या पाच दिवसांबद्दल शासन निर्णय मौन पाळतो. त्याआधी दप्तराचं ओझं कमी करण्यासाठी पाठ्यपुस्तकांतच नोंदींसाठी कोरी पानं घातली होती. वेगळ्या वह्या लागू नयेत, असा हेतू. वह्याही आल्या, कोरी पानंही आली, पुस्तक जाड झालं आणि पुढे ती पानं मागे घेतली गेली. मधल्या काळात त्यांवर विमानं आणि मिशावाले राक्षस यांची उत्तम नोंद झाली.

पण या सगळ्या तासांचा मेरुमणी २०२५ चा. १६ एप्रिलला निर्णय निघाला, की मराठी आणि इंग्रजी माध्यमात पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा. ओरड झाली. १७ जूनला सुधारित निर्णय निघाला: हिंदी ‘सर्वसाधारणपणे’, आणि वर्गातल्या किमान वीस मुलांनी मागितली तर दुसरी एखादी भारतीय भाषा. सहा वर्षांच्या वीस मुलांचं कोणत्याही एका गोष्टीवर एकमत झाल्याचं कुठल्याही बाईंनी पाहिलेलं नाही, अपवाद फक्त शाळा सुटण्याचा. २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द झाले आणि नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. हिंदीसक्तीविरुद्धच्या ५ जुलैच्या नियोजित मोर्चाचा विजयी मेळावा झाला आणि वरळीच्या व्यासपीठावर उद्धव आणि राज ठाकरे जवळपास दोन दशकांनी एकत्र आले. नातेवाईक, हितचिंतक, संपादक आणि ज्योतिषी या सगळ्यांना जे इतकी वर्षं जमलं नव्हतं, ते पहिलीच्या वेळापत्रकाने अडीच महिन्यांत करून दाखवलं.

दुसरीपर्यंत गृहपाठ नको, असं केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात स्वच्छ लिहिलंय. पहिली-दुसरीच्या दप्तराचं वजनही त्यात दिलंय: १.६ ते २.२ किलो. शाळांनी यातून वाट काढली. गृहपाठ बंद झाला आणि ‘प्रोजेक्ट’ सुरू झालं, जे मुलांनी करायचंच नसतं. रात्री साडेनऊला पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर पहिला आवाज उमटतो: “उद्या काय न्यायचंय?” मग ‘आपले मदतनीस’ हा विषय असल्याचं उघड होतं. बाबा गाडी काढून शटर अर्धं ओढलेल्या स्टेशनरीच्या दुकानात वाकून शिरतात. दुकानदाराकडे ‘मदतनीस’ तयार असतात: पोस्टमन, लोहार, कुंभार, शिंपी, एका पानावर बारा. आई कात्री घेते, बाबा गोंद. आजी कडेने नक्षी काढते. मूल झोपलेलं असतं. सकाळी ते चार्ट बघून विचारतं, “यात पिझ्झावाले दादा कुठायत?” प्रश्न रास्त असतो. त्या पानावरच्या बारांपैकी त्याच्या दारात आजवर कुणीच आलेलं नाही. पिझ्झावाले दादा मात्र गेल्या शनिवारी येऊन गेले, आणि त्यांनी मदतही केली.

डोंगरातल्या दोन शिक्षकी शाळेत प्रोजेक्टची ददात नसते, कारण तिथे सगळी शाळाच एक प्रोजेक्ट असतं. साठपर्यंत पट असेल तर दोन शिक्षक, असा शिक्षण हक्क कायद्याचा हिशेब आहे. त्यातले एक गुरुजी प्रशिक्षणाला नाहीतर निवडणुकीच्या कामाला गेले, की उरलेल्या बाई एका खोलीत पहिली ते चौथी हाकतात. पहिलीला काड्या, दुसरीला शुद्धलेखन, तिसरीला जिल्ह्याचा नकाशा आणि चौथीला इतिहास. चौथीचा इतिहास म्हणजे ‘शिवछत्रपती’, १९७० पासून. आता ज्या खोलीत अफजलखान प्रतापगडाच्या पायथ्याशी आलेला आहे, त्याच खोलीत पहिलीचं मूल काड्यांना रबरबँड कसा लावणार? काड्या तशाच पडतात. वाघनखं निघेपर्यंत पहिली श्वास रोखून बसते. अशा शाळेतलं मूल चौथीत पोचतं तेव्हा त्याने चौथी तीनदा केलेली असते. त्याला अजून ‘प्रतापगड’ लिहिता येत नसेल, पण कोण कुठे उभं होतं, ते अंगणात काठीने काढून दाखवील.

हे लिहिता-वाचता येण्याचं प्रकरण मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही. ‘असर’ या शिक्षणविषयक अहवालाच्या २०२४ च्या पाहणीत देशभरातल्या ग्रामीण भागात सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी निघाली २३.४ टक्के. २०२२ मध्ये ती १६.३ होती, म्हणजे सुधारणा आहे, पण शंभरातली सत्त्याहत्तर मुलं अजून त्या मजकुराच्या अलीकडे उभी आहेत. पाहणीचा कागद साधा असतो: आधी अक्षरं, मग शब्द, मग पहिलीचा उतारा, मग दुसरीची गोष्ट. त्यात शोर आहे की नाही, तिसरी भाषा कुठली, ल कुठल्या वळणाचा, असलं काही विचारत नाहीत. मूल वाचतं का, एवढंच बघतात. या कागदावरून विधानसभेत ‘फडण दोन शून्य’एवढी खमंग कोटी होणं अवघड आहे.

खिचडीची सुट्टी झाली की मोठ्यांचा अभ्यासक्रम थांबतो आणि मुलांचा सुरू होतो. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला शंभर ग्रॅम धान्य ठरलेलं आहे. वाढण्यापूर्वी शिक्षकांनी चव घेऊन रजिस्टरमध्ये तशी नोंद करायची असते. मुलांचं रजिस्टर तोंडी असतं. आज वाटाणा आहे की मटकी, मावशी कुणाला तळाची खरपुडी देतात, कुणाच्या ताटातली मिरची कुणाला चालते, ही माहिती रांगेच्या शेवटच्या मुलापर्यंत पातेलं उघडण्याआधी पोचते. एकाला लघवीला लागली की नऊ जणांना लागते. ‘बाई, हा बघा ना!’ हे वाक्य कोणत्याच पाठात नसूनही पहिल्या आठवड्यात शंभर टक्के मुलांना अस्खलित येतं.

आणि मॉनिटर होता येतं. बाईंना बाहेर जावं लागलं, की मॉनिटरच्या हातात खडू येतो आणि फळ्याच्या कोपऱ्यात ‘बोलणारी मुले’ असं शीर्षक पडतं. एरवी शुद्धलेखनाला कंटाळणारं मूल इथे प्रत्येक वेलांटी जपून देतं, कारण चुकीचं नाव लिहिलं तर मार बसतो, आणि तो बाईंचा नसतो. अशाच एका दुसरीच्या वर्गात बाई दारात उभं राहून केंद्रप्रमुखांशी फोनवर बोलत होत्या. ऑनलाइन माहिती भरली का, फोटो अपलोड झाले का, आणखी एक तक्ता आजच हवा आहे, असं बरंच चाललं होतं. आत वर्ग चिडीचूप. बाई परत आल्या तेव्हा फळ्यावर एकच नाव होतं, बाईंचं. आडनावातल्या जोडाक्षरासकट, रफार जागच्या जागी. बाईंनी खडू मागून घेतला, नावापुढे बरोबरची खूण केली, तेवढ्यात फोन पुन्हा वाजला आणि मॉनिटरने नावापुढे एक फुली मारली.